सोलर-गिझरची थंडीआधीची सर्व्हिस, सांगली : बादलीत काय पडलं ते बघा

दसरा झाला की सांगली-मिरजेच्या वसाहतींत फाटकांना पत्रकं अडकवायला सुरुवात होते. ‘सोलर सर्व्हिस, ट्यूब सफाई, गिझर रिपेअरी, घरपोच.’ नरक चतुर्दशीच्या पहाटे घरादाराला कढत पाणी लागतं आणि वसुबारसेनंतर मेकॅनिक फोन उचलत नाही, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही पाठ असतं. त्यामुळे या पंधरा दिवसांत ज्याच्या हातात पाना, तो मेकॅनिक. हा रिव्ह्यू कुठल्या एका दुकानाचा नाही. ‘थंडीआधीची सर्व्हिस’ या नावाने बाजारात जे विकलं जातं त्या मालाचा आहे. तो तीन ठिकाणी मिळतो: सोलर विकणाऱ्याचा वार्षिक करार, दारावर येणारी ट्यूब-सफाईची पोरं आणि घरचा नेहमीचा प्लंबर.

निकाल आधीच सांगून टाकू. बहुतेक जण सोलर बाहेरून धुतात आणि पैसे आतल्या कामाचे घेतात. काच चकचकीत होते, गच्चीवर पाणी वाहतं, मालक खूश. आत तोळाभरही चुना हललेला नसतो.

सांगलीत थंडी ती केवढी! पारा १२-१३ वर आला की मफलर निघतात. सोलर मरतो तो पाण्याने. महापालिकेचं कृष्णेचं पाणी त्या मानाने मवाळ. पण नव्या प्लॉटिंगमध्ये, विश्रामबाग-कुपवाडकडे, मिरजेच्या कडेला बऱ्याच घरांची वरची टाकी बोअरवर भरते. हे पाणी जड. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापलं की फुटतं, कर्ब वायू उडून जातो आणि खाली उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधा चुनखडा. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की थर धरण्याचा वेग चांगलाच वाढतो. म्हणजे जो सोलर उत्तम तापतो तोच लवकर चुना धरतो.

किती चुना? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मधला ४०० चा आकडा धरा. रोज १०० लिटर गरम पाणी वापरलं तर त्यातून दिवसाला ४० ग्रॅम चुना यंत्रातून जातो, वर्षाला साडेचौदा किलो. त्यातला दहावा हिस्सा आत राहिला तरी दीड किलो. हा हिशोब डोक्यात ठेवला की खिशातून शंभर ग्रॅमची पुडी काढून ‘केमिकल वॉश’ करणाऱ्याची किंमत आपोआप कळते.

इथे एक गल्लत हमखास होते. मेकॅनिक पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि ‘बाराशे आलंय, फार जड पाणी’ म्हणतो. ते मीटर सगळे क्षार मिळून मोजतं, त्यात साधं मीठही आलं. जडपणा वेगळा मोजावा लागतो. थेंब टाकून रंग बदलायची छोटी किट मिळते. दोन्ही आकडे हवेत, कारण दोघांचा उपद्रव वेगळा. जडपणा ट्यूब आणि कॉइल खातो, तर मिठातला क्लोराइड स्टीलच्या टाकीला जोडाच्या ठिकाणी टाचणीएवढी भोकं पाडतो. टीडीएस जास्त आणि जडपणा कमी असं पाणी असेल तर चुन्याची भीती कमी, टाकीची जास्त.

आता मुख्य काम. घरोघरी दिसतो तो काचेच्या ट्यूबचा सोलर. २०० लिटरच्या सेटला साधारण ५८ मिलिमीटर जाड आणि १८०० मिलिमीटर लांब अशा २० ट्यूब असतात. प्रत्येक ट्यूब दुहेरी काचेची. दोन काचांमध्ये निर्वात पोकळी, आणि काळा लेप पोकळीच्या आतल्या अंगाला. पाणी थेट आतल्या काचेत उभं असतं, ट्यूबमागे अडीच-पावणेतीन लिटर. ट्यूब तिरकी आणि खालून बंद, म्हणून टाकीत जे जे सुटतं ते घरंगळत ट्यूबच्या बुडाशी येऊन बसतं. बाहेरून हे अजिबात दिसत नाही. म्हणून खरी सर्व्हिस म्हणजे ट्यूब उपसून काढणं. ती न काढता झालेली सर्व्हिस ही काच पुसणं आहे, आणि त्याला फडकं आणि दहा मिनिटं पुरतात.

काम सकाळी आठच्या आत सुरू व्हायला पाहिजे. उन्हात रिकामी राहिलेली ट्यूब आतून दोनशे अंशांच्या वर जाते. तिच्यात गार पाणी पडलं की तडकलीच. दुपारी बारा वाजता येऊन ट्यूब ओढायला लागलेल्या माणसाला खाली चहा द्या आणि उद्या सकाळी बोलवा. आदल्या संध्याकाळी ट्यूबवर जुनी चादर नाहीतर गोणपाट टाकून ठेवलेलं बरं. टाकीतलं गरम पाणी आधी वापरून घ्या, मग गार पाण्याचा कॉक बंद आणि टाकीचा ड्रेन उघडा.

ट्यूब काढताना खालचा प्लॅस्टिकचा कप सैल करून ती फिरवत फिरवत वर टाकीत सरकवतात आणि मग खालून बाहेर घेतात. सरळ हिसडा दिला की तोंडाची कड जाते. पहिली ट्यूब बादलीत उलटी करा आणि बघत उभे राहा. आधी ताकासारखं पांढरं पाणी येतं, मग तांदळाच्या कणीएवढे खडे, आणि ट्यूबच्या बुडावर हलक्या हाताने थोपटलं की अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे. बोअरवर तीन वर्षं न उघडलेल्या सोलरची ट्यूब बुडाशी वीतभर भरलेली निघू शकते. तेवढ्या भागातलं पाणी फिरतच नाही. काच तापते, पाणी वर जात नाही. ‘सोलर पूर्वीसारखा तापत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि त्यावर विकला जातो नवा सोलर.

ट्यूब हातात आहे तोवर तिचं बंद टोक बघून घ्या. तिथे आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. तो चकचकीत असेल तर पोकळी शाबूत. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली. ती ट्यूब आता साधी काचेची नळी, दिवसा कमावलेलं रात्री घालवणारी. ती बदलायचीच. हे टोक कपात झाकलेलं असल्यामुळे खालून टॉर्च मारून ‘सगळ्या चांगल्यात’ म्हणणाऱ्याला काहीही दिसलेलं नसतं. उलट बाजूनेही फसवणूक होते: काळा लेप थोडा फिकट दिसतो म्हणून दहा ट्यूब बदलायला लावतात. पट्टा चंदेरी आहे ना, मग फिकटपणाने फारसं बिघडत नाही.

आतला सुटा गाळ पाण्याने आणि लांब दांड्याच्या नायलॉनच्या ब्रशने निघतो. तारेचा ब्रश नको. काळा लेप पाण्याच्या बाजूला नसतो, पोकळीत असतो, त्यामुळे लेपाला धोका नाही, पण काचेला चरा पडला की पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच रेषेवर फुटते. चिकटून राहिलेल्या थराला लिंबूसत्त्व लागतं. लिटरला ५० ग्रॅम असं द्रावण करा. वीसही ट्यूब एकदम भरायच्या म्हटलं तर ५० लिटर द्रावण आणि अडीच किलो लिंबूसत्त्व लागेल. त्यापेक्षा चार-चार ट्यूबच्या पाळ्या लावा, ट्यूब सावलीत टेकून उभ्या करा, प्रत्येक पाळीला दोन तास द्या आणि तेच द्रावण पुढच्या चार ट्यूबमध्ये ओता. बुडबुडे येणं थांबलं की द्रावण संपलं, नवीन करा. एक किलो चुना विरघळवायला सव्वा ते दीड किलो लिंबूसत्त्व जातं, यात सूट नाही. किराणा मालाच्या ठोक दुकानात, गणपती पेठेकडे, ते किलोवर मिळतं. मेकॅनिकच्या ‘स्पेशल लिक्विड’पेक्षा स्वस्त पडतं आणि आत काय आहे ते माहीत असतं.

लिंबूसत्त्वाची एक खोड आहे. द्रावण थकत आलं की त्यातला कॅल्शियम सायट्रेट पुन्हा पांढरा साका होऊन खाली बसतो. म्हणून रात्रभर तसंच ठेवायचं नाही. काम झालं की लगेच ओतून दोन-तीनदा साध्या पाण्याने खळबळून काढायचं. डिस्केलिंग पावडर म्हणून मिळणाऱ्या सल्फॅमिक ॲसिडला हा त्रास नाही, त्याचं कॅल्शियमचं मीठ सहज विरघळतं. मात्र ते किलो चुन्याला जवळजवळ दोन किलो लागतं आणि कोमट पाण्यातच वापरावं लागतं. फार गरम केलं की ते मोडून सल्फेट तयार होतं आणि मग विरघळवायला गेलेल्या चुन्यावर जिप्समचा नवा थर बसतो.

आणि संडास साफ करायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक? अनेक मेकॅनिकच्या पिशवीत तेच असतं, कारण फसफस जोरात होते आणि गिऱ्हाईकाला काम झाल्यासारखं वाटतं. काचेला ते काही करत नाही. पण टाकीत ओतलं की आतल्या स्टीलला क्लोराइडची फोडणी बसते. काम झाल्यावर सहा महिन्यांनी टाकीच्या जोडातून थेंब यायला लागतात, तेव्हा त्या दुपारची आठवण कुणालाच नसते. टाकीत हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकू देऊ नका, एवढं एक वाक्य ठणकावून सांगता आलं तरी पुष्कळ. दुसरं, कुठलंही ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीही नको. क्लोरीन वायू निघतो.

ट्यूब परत बसवताना टाकीच्या भोकांतल्या सिलिकॉनच्या रिंगा तपासा. बोटाने दाबली की परत फुगली पाहिजे. कडक झाली, चपटी झाली, किंवा तिच्याखाली पांढरे ओघळ दिसले, तर ती गळतेय. वीस भोकांच्या रिंगांचा पूर्ण सेट एकदमच बदलावा. दोन बदलल्या की महिन्याने तिसरी गळते आणि पुन्हा सगळं उपसावं लागतं. बसवताना साबणाचं पाणी लावायचं. तेल, ग्रीस नको, त्याने रिंग फुगते. सगळ्या बसल्यावर टाकी हळूहळू भरायची, ऊन चढायच्या आत.

इथपर्यंत जो आला त्याने निम्मं काम नीट केलं. उरलेलं निम्मं पाइपांत आहे आणि त्याकडे कोणीही बघत नाही.

टाकीच्या डोक्यावरची हवेची नळी आधी बघा. तिच्या तोंडाशी क्षाराचा बूच बसतो, किंवा कुंभारमाशी मातीचं घर करते. नळी बंद झाली आणि खालून दोन बाथरूमचे नळ एकदम सुटले की टाकीत पोकळी होऊन आतलं पातळ पत्र्याचं भांडं चेपतं. हा प्रकार दुरुस्त होत नाही. नळीचं तोंड गार पाण्याच्या टाकीतल्या भरलेल्या पातळीपेक्षा उंच पाहिजे. गच्चीवरची जुनी टाकी काढून उंच स्टँडवर नवीन ठेवली आणि नळी तेवढीच राहिली, तर तिच्यातून पाणी ओघळत राहतं. लोक त्याला ‘सोलर ओव्हरफ्लो होतोय’ म्हणतात आणि कुणीतरी ती नळी बूच मारून बंद करतो. वर सांगितलेला चेपका पुढच्या आठवड्यात.

मग गार पाण्याच्या लाइनवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्यात चुन्याचा खडा अडकला की झडप अर्धी उघडी राहते आणि गरम पाणी उलटं वरच्या टाकीकडे जातं. ओळखायची खूण सोपी: भल्या पहाटे गार पाण्याच्या पाइपला हात लावा, सोलरच्या जवळ कोमट लागला तर व्हॉल्व्ह गेला. हा भाग स्वस्त आहे, बदलायला पंधरा मिनिटं लागतात, आणि सर्व्हिसच्या पावतीवर तो क्वचितच दिसतो.

गरम लाइनवरचं काळं फोमचं आवरण उन्हाने पापडासारखं कुरकुरीत होऊन गळून पडलेलं असतं. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं. सोलरपासून बाथरूमपर्यंत १५ मीटर पाइप असेल तर पहाटे पहिलं चार लिटर पाणी गारच येणार, त्यावर कुठलाही उपाय नाही. पण दुसरा माणूस अर्ध्या तासाने गेला तर त्याला पुन्हा चार लिटर सोडून द्यावं लागतं की नाही, हे आवरणावर ठरतं. नवीन आवरण घातलं की त्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी किंवा पांढरा रंग हवा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पुन्हा पापड.

सावलीचा मुद्दा तर एकाही सर्व्हिसच्या यादीत नसतो. सांगली जवळपास १७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, पुढचे अडीच-तीन महिने तर किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी साडेबाराला दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. एक मीटर उंच कठड्याची सावली तेव्हा ८५ सेंटिमीटर पडते. सकाळी साडेनऊला सूर्य ३० अंशांवर आणि आग्नेयेला. त्याच कठड्याची सावली पावणेदोन मीटर, वायव्येकडे. उन्हाळ्यात सोलर बसवताना जी जागा लख्ख उन्हात होती, तिथे डिसेंबरात शेजारच्या जिन्याच्या टोपीची सावली अकरापर्यंत बसलेली असू शकते. दिवाळीत एकदा साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीनला गच्चीवर जाऊन या. डिसेंबरात सावल्या याहून लांबतील, एवढं धरून चाला. सोलर दीड-दोन मीटर उत्तरेला सरकवणं हे कुठल्याही केमिकल वॉशपेक्षा जास्त फायद्याचं काम ठरू शकतं.

काचेच्या बाहेरच्या धुण्याबद्दल दोन ओळी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की वाऱ्याच्या बाजूच्या गच्च्यांवर बगॅसची, म्हणजे जळालेल्या उसाच्या चोथ्याची, काजळी उतरते. तेव्हा ऑक्टोबरात पैसे देऊन धुवून घेतलेली काच डिसेंबरात पुन्हा काळी. पंधरा दिवसांनी पहाटे आपणच पाइपने पाणी मारावं. उन्हात नको.

सर्व्हिसवाल्याचा सगळ्यात लाडका जोडधंदा म्हणजे सोलरच्या टाकीत बसवायची बॅकअप कॉइल. ढगाळ दिवशी उपयोगी, असं सांगतात. २०० लिटर पाणी २२ अंशांवरून ६० वर न्यायला जवळपास नऊ युनिट वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या कॉइलला साडेचार तास. रात्री बटण चालू करून विसरलं की सकाळी नऊ युनिट गेलेले, आंघोळी दोनच. त्याऐवजी बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर असेल तर २० वरून ६० अंशांना ०.७ युनिट आणि वीस-बावीस मिनिटं. वर्षातले ढगाळ दिवस मोजून बघा आणि कॉइलला नाही म्हणा.

म्हणून गिझरची सर्व्हिसही याच फेरीत उरकावी. गिझर तापताना आतून खडखड, टकटक आवाज यायला लागला की समजावं, कॉइलवर थर बसलाय. थराखाली वाफेचे बुडबुडे कोंडून फुटतात. मग कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) उडायला लागतो, मग कॉइल फुटते. इथेही बाहेरून फडकं मारून, प्लग काढून-घालून ‘ओके’ म्हणणारे भरपूर.

खऱ्या कामात आधी एमसीबी पाडतात, टेस्टरने तपासतात, इनलेटचा कॉक बंद करून गरम नळ उघडतात आणि टाकी रिकामी करतात. खालचं प्लॅस्टिकचं झाकण निघालं की वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा, पोरं परत जोडताना चुकतात. मग प्लेटचे बोल्ट. प्लेट खाली आली की कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमचा रॉड एकत्र बाहेर येतात, आणि पाठोपाठ मुठी-मुठीने चुना. कॉइल हातोडीने ठोकू देऊ नका. तांब्याचं आवरण चेपलं की आतली तार त्याला टेकते आणि पुढचा शॉक बादलीतून बसतो. पाच लिटर कोमट पाण्यात पाव किलो लिंबूसत्त्व, त्यात कॉइल दोन-तीन तास. तोवर टाकीतला उरलेला गाळ हाताने काढायचा.

परत बसवण्याआधी मल्टिमीटर लावायला सांगा. दोन किलोवॅटच्या चांगल्या कॉइलच्या दोन टोकांत २६-२७ ओहम येतात. काहीच आलं नाही तर कॉइल जळली. टोक आणि आवरण यांच्यात मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर ती कॉइल कितीही तापत असली तरी फेकून द्यायची.

मॅग्नेशियमचा रॉड ही काच-लेपाच्या टाकीची ढाल. पाणी टाकीऐवजी त्याला खातं, म्हणून तो झिजलेला दिसणं हे चांगलं लक्षण. आतली तार उघडी पडली की बदलायचा. काही शे रुपयांचा रॉड वाचवून हजारोंची टाकी घालवलेली घरं पुष्कळ आहेत, आणि त्याला कारण सर्व्हिसवालेच: हा रॉड असतो हेच ते सांगत नाहीत. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर त्याचंही मूळ बऱ्याचदा या रॉडपाशीच असतं, पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंमुळे. रॉड काढूनच टाकणं हा त्यावर उपाय नव्हे. टाकी उपसून, धुवून, एकदा पूर्ण ७० अंशांपर्यंत तापवून पाणी सोडून द्यावं.

गॅस्केट नवीन. जुनं उलटं करून बसवणं ही सांगलीभर चालणारी काटकसर, आणि आठ दिवसांनी प्लेटमधून ठिबकणारं पाणी थेट वायरीवर येतं. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. प्रेशरच्या व्हॉल्व्हची कळ उचलून पाणी सुटतं का बघायचं. क्षाराने चिकटलेला व्हॉल्व्ह म्हणजे भिंतीवर टांगलेला बंद कुकर. गरम नळातून सलग धार येईपर्यंत बटण दाबायचं नाही, कोरडी कॉइल अर्ध्या मिनिटात जाते. थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर. त्याहून वर नेऊन गार पाणी मिसळण्यात वीजही जास्त आणि चुनाही जास्त. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर १६ अँपिअरचं सॉकेट बदला. दोन किलोवॅटला पावणेनऊ अँपिअर सतत वाहतात आणि सैल पिन तेवढ्यात वितळते.

गिझरच्या आधी लावायच्या फॉस्फेटच्या छोट्या फिल्टरबद्दल विचारणा होते. चुना काढत नाही, पण थर धरायला अडवतो. आतले फॉस्फेटचे खडे संपले की भरावे लागतात. पाइपवर बांधायच्या चुंबकावर पैसे घालवू नयेत. रेझिनचा सॉफ्टनर खरोखर काम करतो, पण मिठाच्या गोण्या आणून वेळच्या वेळी रिजनरेट करणारं, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणारं, माणूस घरात असेल तरच.

गॅस गिझरला मात्र वेगळा नियम. तो बाथरूमच्या आत असेल तर सर्व्हिसच्या आधी तो बाहेर काढा, उघड्या हवेत. थंडीत खिडकी बंद, ज्योत जळते, प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. ज्योत निळी पाहिजे. पिवळी, लांबट दिसली तर बर्नरमध्ये कोळ्याची जाळी किंवा वर तांब्याच्या पंख्यांवर काजळी आहे. इनलेटची जाळी साफ करणं, जाड सेल बदलणं आणि पाच वर्षं झालेली गॅसची नळी बदलणं, एवढं तरी प्रत्येक फेरीत व्हावं. सोलरचं गरम पाणी गॅस गिझरच्या इनलेटला देऊ नका; आधीच तापलेलं पाणी आणखी तापून कटआउट उडत राहतो.

आता तिघांचे गुण. दारावर येणाऱ्या पोरांना पाचपैकी दीड. तेही त्यांना ट्यूब काढायला लावली आणि समोर उभं राहिलात तर. दर ट्यूबमागे पैसे घेत असतील तर ते जास्तीत जास्त ट्यूब ‘खराब’ ठरवणार, तेव्हा बोली एकरकमी करा आणि फुटलेली ट्यूब त्यांच्या माथी, हे आधी ठरवा. विक्रेत्याच्या वार्षिक कराराला साडेतीन, कारण रिंगा आणि ट्यूब मापाच्या मिळतात. कागदावर मात्र बघा: ‘दोन फेऱ्या’ लिहिलेलं असतं, ट्यूब उपसणं लिहिलेलं नसतं. ते शब्द हाताने लिहून घ्या, लिंबूसत्त्व आपण आणू म्हणा. गिझरसाठी नेहमीचा प्लंबर चार, मल्टिमीटर वापरणारा असेल तर. सोलरवर त्याला धाडू नका. बहुतेकांना ट्यूबच्या चंदेरी पट्ट्याची ओळख नसते.

पैसे देण्याआधी एक रात्र जाऊ द्या. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर पुरतो. संध्याकाळी सहाला पाइपमधलं गार पाणी सोडून दिल्यावर बादलीतलं तापमान लिहा, रात्री पाणी वापरू नका आणि सकाळी सहाला पुन्हा तसंच मोजा. रात्रीत दहा अंशांहून जास्त उतरलं तर मेकॅनिकला परत बोलवा आणि त्याला आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हकडे न्या. तो ठीक निघाला तर टाकीच्या खालच्या पत्र्याला हात लावा; ओलसर, कोमट लागला तर आतलं पफ (उष्णता धरून ठेवणारा फोम) भिजलंय, म्हणजे आतली टाकी गळतेय, आणि तिथे सर्व्हिसचा काही इलाज नाही.